काळ्या मातीतलं चुंबकत्व मोजताना: उदगीर-देगलूर परिसरातल्या नोंदी

३० डिसेंबर २०२४, येळवस (वेळ अमावस्या)

बहिणीच्या शेतात कोपीपुढे जेवणं झाली आणि पोरांना घेऊन ओढ्यात उतरलो. जुन्या स्पीकरचा चुंबक दोरीला बांधून वाळूतून ओढला, तर चार पावलांत त्याला काळ्या रेतीची जाड दाढी आली. ही रेती म्हणजे आपल्या काळ्या दगडातून सुटलेलं टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट, लोहाचं चुंबकीय खनिज. हा दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा.

अकरावीतल्या दोन विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी विषय आणला होता: 'रस्त्याकडेची माती जास्त चुंबकीय असते, म्हणून चुंबकाने प्रदूषण मोजता येतं.' रेतीची ती दाढी बघून मी त्यांना विचारलं, जिथे दगडच एवढा चुंबकीय आहे तिथे गाड्यांचा धूर वेगळा कसा ओळखणार? तोच प्रकल्प ठरला. जे आपोआप आलं ते किती आणि माणसाने आणलं ते किती, हे वेगळं काढता येतं का ते बघायचं.

५ जानेवारी २०२५

मोजायची आहे मातीची चुंबकीय ग्रहणशीलता, म्हणजे बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राला माती किती प्रतिसाद देते ते. तयार यंत्र आमच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून घरीच केलं. ३२ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर तांब्याच्या इनॅमल तारेचे दोन थरांत ३०० वेढे, सोबत कपॅसिटर, एलएम३११ आयसीचं ऑसिलेटर (ठरावीक वारंवारतेचा सिग्नल काढणारं सर्किट) आणि ती वारंवारता मोजायला आर्डुइनो नॅनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड. मातीची बाटली वेटोळ्यात ठेवली की वारंवारता घसरते. जितकी घसरण, तितकी माती चुंबकीय. रिकामी वारंवारता ९२ किलोहर्ट्झच्या आसपास येते.

खर्च: तार १८०, नॅनो ३५०, आयसी आणि बाकी सुटे भाग ९०, पाइप ४०, सोनाराकडे असतो तसा काटा ६५०, प्लॅस्टिकच्या ६० बाटल्या २४०, प्लॅस्टिकची चाळणी ६०. एकूण १,६१० रुपये.

एक अख्खी संध्याकाळ आकडा शून्यच येत होता. वारंवारता मोजणारी लायब्ररी डी५ पिनवरच सिग्नल घेते आणि आम्ही डी२ ला जोडला होता.

११ ते १९ जानेवारी

आठवडा गेला तो आकडा स्थिर करण्यात. सकाळी आणि दुपारी रिकाम्या वेटोळ्याचाच आकडा शंभरावर हर्ट्झने सरकायचा, आणि मातीने होणारी घसरण त्याहून कमी. खोट दोन ठिकाणी निघाली. कपॅसिटर सिरॅमिकचा होता. तो काढून पॉलिप्रॉपिलीनचा लावला आणि सरकणं एका अंशाला सात-आठ हर्ट्झवर आलं. दुसरं म्हणजे लाइटचा दाब वरखाली झाला की आकडा हलायचा, म्हणून सगळं पॉवर बँकेवर घेतलं. उरलेल्या सरकण्यावर उपाय मोजण्याच्या क्रमातच आहे: रिकामं, माती, रिकामं. दोन रिकाम्या आकड्यांची सरासरी काढून तीतून मातीचा आकडा वजा करायचा. एका बाटलीला दीड मिनिट लागतं. पंखा बंद ठेवायचा आणि लोखंडी कपाटापासून दोन हात लांब बसायचं.

२२ जानेवारी

मोठी चूक सापडली. बाटलीत मिठाचं पाणी भरून बघितलं. पाण्याला चुंबकाचं जवळजवळ काही पडलेलं नसतं, तरी १४ हर्ट्झची घसरण आली. म्हणजे यंत्र चुंबकत्वाबरोबर ओलसुद्धा मोजत होतं. ओलीमुळे वेटोळ्याची धारिता (विद्युतभार साठवायची क्षमता) वाढते आणि आकडा त्याच दिशेला पडतो, त्यामुळे ओली माती खोटीच जास्त चुंबकीय दिसते.

वेटोळ्याच्या आतून ॲल्युमिनियमची फॉइल लावून ती जमिनीला जोडली. पहिल्यांदा पूर्ण गोल गुंडाळली, तर ऑसिलेटरच बंद पडलं, कारण बंद कडं म्हणजे शॉर्ट झालेला एक वेढाच. बोटभर फट ठेवून पुन्हा लावली. आता मीठपाण्याचा आकडा एका हर्ट्झच्या आत येतो. तरीही माती कोरडीच मोजायची.

२६ जानेवारी

झेंडावंदन उरकून पहिले २४ नमुने आणले. वरचे दहा सेंटिमीटर, एका ठिकाणच्या पाच जागांची माती एकत्र करून. खुरपं लोखंडी होतं म्हणून त्याने फक्त खड्डा केला आणि माती लाकडी उलथण्याने खरवडून घेतली.

नमुने गच्चीवर पत्र्यावर वाळत घातले, आणि ते सगळेच्या सगळे वाया गेले. पत्रा गंजका होता. झाडून घेताना त्याचे पापुद्रे मातीत मिसळले आणि भिंगाखाली ते स्पष्ट दिसले. दोन दिवसांची पायपीट फुकट गेली. आता वर्तमानपत्रावर, सावलीत वाळवतो.

९ फेब्रुवारी

नमुने पुन्हा आणून मोजले. आधी बाटली काठोकाठ भरून मोजत होतो, पण काळी माती ढेकळं धरते, मुरूम मोकळा बसतो, आणि तीच माती दोनदा भरली तरी आकडे जुळत नाहीत. आता खलबत्त्यात (दगडी नाही, चिनी मातीच्या) हलकं फोडून, चाळून, प्रत्येक बाटलीत मोजून १० ग्रॅम. एकाच मातीचे तीन वेळचे आकडे आता दोन हर्ट्झच्या आत येतात.

मापाला काहीतरी ओळखीचं हवं म्हणून कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून मोहर सॉल्ट (लोहाचा एक क्षार) आणलं. त्याची ग्रहणशीलता पक्की माहीत असते. १० ग्रॅमला साडेपाच हर्ट्झच्या आसपास घसरण आली. एक हर्ट्झ इकडेतिकडे धरला तरी ही मोजपट्टी बरीच जाड आहे, त्यामुळे मी आकडे हर्ट्झमध्येच लिहितो. ढोबळ सांगायचं तर आमच्या शेतातली माती मोहर सॉल्टच्या बारा-तेरा पट.

१६ फेब्रुवारी

आजचा दिवस सगळ्यात कामाचा ठरला.

माळावरून ओढ्यापर्यंत एका रेषेत नमुने घेतले. माळावरचा मुरूम ९६, त्याखालची बरड ८१, मध्यम जमीन ७०, ओढ्याकाठची भारी काळी ५८. लोकांचा समज उलटा असतो: माती जितकी काळी तितकं लोखंड जास्त. चुंबकाला काळ्या रंगाशी देणंघेणं नाही. मॅग्नेटाइटचे कण जड असतात, ते वरच्या अंगाला आणि ओढ्याच्या वाळूत अडकतात. पाण्याबरोबर खाली जाते ती चिकणमाती, आणि तिच्यात भर पडते चुनखडीच्या खड्यांची. चुनखडी चुंबकाला दादच देत नाही, त्यामुळे आकडा पातळ होतो.

पण रेषेतल्या मधल्या एका तुकड्यावर ४४ आला. वर ७०, खाली ५८ आणि मध्ये ४४. तीनदा मोजला. बाटली बदलली, पॉवर बँक बदलली. पोरं म्हणाली, सर, यंत्र बिघडलं. मलाही तेच वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी गेलो, तर शेतमालक आप्पा बांधावर बसलेले.

"काहून परत आले सर?"

मी सांगितलं, इथली माती हिशोबात बसत नाही.

आप्पांनी पायाने एक ढेकूळ फोडलं. "ही माती हितली न्हाईच की. तळ्यातला गाळ टाकलाय. दोन वर्सं झाली. पंचवीस ट्रॉल्या."

ढेकूळ हातात घेतलं. बाजूच्या मातीत बोटाला खर लागते, हे लोण्यासारखं मऊ होतं. तळ्यात पोचेपर्यंत जड कण वाटेतच बसतात आणि गाळात राहते ती निव्वळ बारीक माती. पंचवीस ट्रॉल्यांनी त्या तुकड्याचं चुंबकत्व तिसरा हिस्सा कमी केलं होतं. माणसाचा हात पहिल्यांदा मापात दिसला, आणि तो आकडा वाढवणारा नव्हता, घटवणारा होता.

हे करणाऱ्या प्रत्येकाने नमुना घ्यायच्या आधी शेतमालकाला विचारावं: गाळ टाकला का, मुरूम टाकला का, सपाटीकरण केलं का, पाचट जाळता का. आम्ही हे तीन आठवडे उशिरा विचारायला लागलो. पहिल्या २४ पैकी ९ जागांचा असा इतिहास निघाला, त्या सगळ्या वेगळ्या काढल्या.

२ मार्च

रस्ता. डांबराच्या कडेपासून १, ५, २० आणि ५० मीटरवर. आकडे ८८, ७४, ६९, ७१. पोरं खूश झाली, प्रदूषण सापडलं! मी एक मीटरवरची माती चिनी मातीच्या बशीत पाण्याने धुतली, चुंबकाने कण वेगळे केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. धुराच्या किंवा वेल्डिंगच्या ठिणगीतून आलेले कण वितळून थिजलेले असतात, गोल मोहरीसारखे. इथे जवळजवळ सगळे कण कोनदार, ताजे फुटलेले. रस्त्याच्या गिट्टीचा चुरा! गिट्टी म्हणजे क्रशरवर फोडलेला हाच काळा दगड. गोल कण दोनशेत तीन-चार सापडले.

म्हणजे वाढ माणसामुळेच, पण धुरामुळे नाही. आमच्याकडे रस्त्याकडेच्या वाढीव आकड्यावरून हवेच्या प्रदूषणाबद्दल बोलणं मला चुकीचं वाटतं, आणि हे मी प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिहायला लावलं.

१३ आणि १४ मार्च, होळी

गावची होळी दरवर्षी चावडीपुढे एकाच जागी पेटते. १३ ला दुपारी तिथली वरची दोन सेंटिमीटर माती घेतली, १४ ला संध्याकाळी राख बाजूला सारून पुन्हा. आगीने माती चुंबकीय होते हे जुनं ज्ञान आहे. फ्रेंच भूभौतिकतज्ज्ञ यूजेन ल बोर्न्य यांनी १९५५ मध्ये वरच्या थरातलं वाढीव चुंबकत्व मांडलं आणि पुढे आगीचा परिणामही तपासला. गोवऱ्या-लाकडांच्या धगीत मातीतलं साधं लोह-ऑक्साइड मॅग्नेटाइट होतं आणि थंड होताना त्यातलं बरंचसं मॅगेमाइट, तेही चुंबकीय लोह-ऑक्साइडच.

आधीचा आकडा ९०, नंतरचा ९२. काहीच फरक नाही. वीस पावलांवरच्या, आग न लागलेल्या जागी ६८. माझा अंदाज असा की इतक्या वर्षांच्या होळ्यांनी त्या मातीत जेवढं बदलण्यासारखं होतं ते बदलून झालंय, एका रात्रीच्या आगीला काही शिल्लक नाही. दुसऱ्या वस्तीवर एक नमुना तर वायाच गेला: होळीत जुन्या चौकटीची फळी टाकली होती आणि राखेत खिळे होते.

उसाचं पाचट जाळलेल्या शेतात वरचा एक सेंटिमीटरही वेगळा निघाला नाही. ती आग भरभर वरून निघून जाते, जमिनीत धग उतरत नाही.

६ एप्रिल

देगलूर. उदगीरहून एसटीने पूर्वेला जाताना काळा दगड संपतो आणि ग्रॅनाइट-नाइस हा फिका, कणीदार दगड लागतो, २५० कोटी वर्षांहून जुना. मराठवाड्याच्या लाव्हाखाली नसलेल्या थोड्या भागांपैकी हा एक कोपरा, आणि आमच्या प्रश्नासाठी याहून चांगली जागा नाही: पाऊसमान जवळजवळ तेच, तूर-ज्वारी तीच, गाड्या त्याच, फक्त दगड वेगळा.

शेतातले आकडे ६, ९, ७. उदगीरकडच्या मातीच्या दहावा हिस्सा. पहिल्यांदा वाटलं वेटोळ्याची तार तुटली, म्हणून सोबत नेलेली उदगीरची बाटली मोजली. ६९. यंत्र ठीक होतं.

हैदराबाद रस्त्याच्या कडेला ३१. शेताच्या चौपट. इथे तरी धूर सापडणार म्हणून धुऊन बघितलं, तर बशीत काळ्या दगडाचे कोनदार कण. ग्रॅनाइटच्या मुलखात काळी गिट्टी दुरून ट्रकने आलेली. पण इथे गोल कणही मोजण्याइतके होते, दोनशेत तीसेक. उदगीरला ते दगडाच्या गर्दीत बुडून गेले होते. धूर मोजायचा असेल तर अशी फिकी माती हवी.

परत यायला रात्रीचे साडेदहा. दिवसभराचा खर्च तिघांचा मिळून ५४० रुपये.

२० एप्रिल

जुन्या गढीची पांढरी. गावाने शेताला काळी म्हणावं आणि वस्तीला पांढरी, ते उगाच नाही. शेकडो वर्षांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंती, शेण, हाडं यांनी ती माती खरंच फिकी होते. माळवदावर टाकायला लोक अजून तीच खणून नेतात. गढीच्या कडेला असा एक खणलेला काप मिळाला, माणूसभर उंच. त्यात राखेच्या पट्ट्या, खापरं, जळक्या मातीचे तांबूस ठिपके.

रंग बघून वाटलं आकडा पडेल, कारण राखेत चुना भरपूर. आले ७३, ७९, ७६. भोवतालच्या शेतात ६६. चुन्याने पातळ होऊनही जास्त. वेगळ्या काढलेल्या तांबूस ठिपक्यांचा तर ११८.

कापाला हात लावण्याआधी सरपंचांना विचारलं होतं, आणि पडलेली मातीच उचलली. खापरं जागेवर ठेवली. अशा जागा खरवडू नका.

४ मे

आगीचा प्रयोग घरच्या चुलीवर. एकच शेतमाती, दोन वाटे: एकात गोवरीचा चुरा मिसळून झाकण लावलेलं, एक उघडं. पहिल्या वेळी पत्र्याचे डबे वापरले, त्यांचे पापुद्रे मातीत पडले. गच्चीवरची चूक मी जानेवारीत केली आणि मे महिन्यात पुन्हा केली. दुसऱ्या वेळी मातीची बोळकी. तीन तास निखाऱ्यात.

आधी ६६. उघड्या बोळक्यातली ७४. गोवरी घालून झाकलेली १२१, रंग विटकरी. गढीतल्या तांबूस ठिपक्यांचा ११८ आठवला. पोरांनी दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या, रंगानेही त्या ओळखू येत नव्हत्या.

११ मे

मामाच्या गावी, पाथरीकडे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालची चिबड जमीन. वरच्या निचऱ्याच्या शेतात ६३, चिबडीत ३८, एक फूट खाली ३१. पाणी साचून राहिलं की मातीत हवा उरत नाही, जिवाणू लोहाचं क्षपण करतात आणि बारीक मॅग्नेटाइट विरघळत जातं.

पण चिबडीत चुना आणि क्षारही जास्त, मग घट त्यांची की पाण्याची? चुना काढायला हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरलं आणि नमुना गमावला, ते मॅग्नेटाइटलाही खातं. उरलेल्या मातीवर पातळ व्हिनेगर वापरलं, दोन्ही नमुन्यांवर, मग धुऊन वाळवून पुन्हा १० ग्रॅम. ६७ आणि ४२. फरक टिकला.

मामा म्हणाले, "ज्वारी पिवळी पडती तिथंच तुजा आकडा पडतोय." त्यांनी न मोजता दाखवलेल्या तिन्ही जागा बरोबर निघाल्या.

२५ मे

काळी माती उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते, वरची माती भेगेत पडते, पावसात फुगून मिटते. त्यामुळे खोलीनुसार आकडा बदलत नाही असा माझा अंदाज होता. मेच्या शेवटी भेगा सगळ्यात रुंद असताना पाच जागी खणायचं ठरवलं होतं. यंदा मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि भेगा मिटल्या. हातात एकच खड्डा आहे: वर ५९, एक फुटावर ५७, दोन फुटांवर ६०. एका खड्ड्यावरून काही म्हणणार नाही.

८ जून

एका ओळखीच्या संशोधकाने आमचे १२ नमुने त्यांच्या प्रयोगशाळेत दोन वारंवारतांवर मोजून दिले, ०.४६५ आणि ४.६५ किलोहर्ट्झ. अतिबारीक कण असले की दुसऱ्या वारंवारतेवर आकडा घटतो. दगडातून आलेले कण मोठे, त्यांच्यात घट कमी. आगीत किंवा मातीतच नव्याने तयार झालेले बारीक, त्यांच्यात जास्त.

शेतमाती २ ते ३ टक्के. रस्त्याकडेची दीड. होळीची जागा ७, गढीची पांढरी ६ ते ८. कोरड्या मुलखात माती स्वतःहून असे बारीक कण फार कमी तयार करते, म्हणून शेतातला आकडा जवळजवळ सगळा दगडाचाच, आणि चूल-शेकोटीची खूण टक्केवारीत उठून दिसते.

त्यांनी आमच्या यंत्राची एक मर्यादाही दाखवली. आम्ही ९२ किलोहर्ट्झवर मोजतो, तिथे हे बारीक कण आणखी कमी दिसतात. गढीची वाढ आम्हाला शेतापेक्षा जेमतेम १५ टक्के दिसली होती, त्यांच्या यंत्रावर ती ठळक जास्त आली. चुली, भट्ट्या, जुन्या वस्त्या शोधायला हेच वेटोळं वापरणार असाल तर कपॅसिटर मोठा लावून वारंवारता खाली आणा. आम्ही ०.२२ मायक्रोफॅरडचा मागवलाय, त्याने ती नऊ-साडेनऊ किलोहर्ट्झवर यावी. घसरणही दहावा हिस्सा होईल, म्हणून प्रत्येक आकडा दहा सेकंद मोजावा लागेल.

नवीन वेटोळ्यावर गढीच्या आणि होळीच्या बाटल्या पहिल्यांदा. भेगांचे खड्डे येत्या वर्षी एप्रिलमध्येच खणायचे, आप्पांनी गाळ न टाकलेला खालचा तुकडा त्यासाठी राखून ठेवलाय.